हरिबाच्या पिकअपची ताकद

मलकापूरचा नाथाजी पलटणीत मेकॅनिकी शिकलेला. धाकट्या भावाची, हरिबाची जुनी पिकअप कुंभार्ली घाटात धापा टाकायची. नवं इंजिन परवडणारं नव्हतं, म्हणून नाथाजीनं इंजिनचं हेड घासून आतला दाब वाढवला, पेट्रोल जादा यावं म्हणून कार्बोरेटरचं जेट मोठं केलं. गाडी चढाला पळायला लागली. हरिबानं नारळ फोडला आणि दुप्पट गूळ भरला. ब्रेक तेवढे जुनेच राहिले. शहाण्या नाथाजीच्या ते ध्यानातच आलं नाही.

पलीकडच्या उतारावर गाडी उलटली, हरिबा जागीच गेला. चार जणांनी ती उभी केली, तर इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं.

"नाथाजी, हात लय गुणाचा हाय गड्या तुजा," कुणीतरी म्हणालं.

नाथाजीनं त्याच हातानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.