पळीभर बारवेचं पाणी

कळमनुरीच्या अनुसूयेला कोणी हाक मारली तर ती हातातलं काम संपवूनच वळे. बुटकी, सावळी, बोलायला तुटक. थोरला मुलगा मागच्या साथीत गेला. सकाळी विटीदांडू खेळत होता, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नव्हता. तेव्हापासून ती पाण्याच्या प्रत्येक भांड्याकडे, चोराकडे पाहावं तशी पाही. आता उरली होती पाच वर्षांची गोदू.

सन अडतीसच्या वैशाखात आखाडा बाळापूरच्या बाजारातून पुन्हा पटकीची साथ निघाली. आधी बातमी आली, मग रिकाम्या गाड्या आल्या, मग गाड्याही येईनाशा झाल्या. चौकात दवंडी पिटली: महादेवाच्या बारवेत पटकी मारायला परवा लाल दवा टाकणार, तोवर तिचं पाणी कोणी पिऊ नये.

अनुसूयेचे यजमान व्यंकटराव तहसिलीत कारकून. दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारून त्यांनी जेवताना तीन उपाय सांगितले.

"निवळीची बी उगाळून टाका, न्हाईतर पाणी उकळा, न्हाईतर तीन मडकी एकावर एक मांडा. वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू, खालच्यात चांगलं पाणी."

"निवळीनं गाळ बसतो," अनुसूया म्हणाली. "पटकी बसते का?"

"ते विचारलं न्हाई."

"मग उकळू."

देवघरातून सासूबाईंचा आवाज आला. या गंगूताईंना घरात सगळे ताईच म्हणत. "उकळलं म्हणजे शिजलं. शिजल्या पाण्यानं देवाला आंघोळ घालू काय? अन् सोवळ्यात मी काय पिऊ, तुझी आमटी?"

व्यंकटराव ताटात बघून हसले. ताई वाईट नव्हत्या. नातू गेल्यावर त्यांनी आंबा सोडला होता, कारण त्याला आंबा फार आवडे. त्यांच्याशी भांडायला अनुसूयेची जीभ रेटेना. तिनं मडकी निवडली.

कयाधू नदीची वाळू तिनं सात पाण्यांनी धुतली. लोहाराकडून कोळसा आणला. वरच्या दोन मडक्यांच्या बुडाला भोकं पाडून त्यांत स्वच्छ चिंधीचे बोळे बसवले आणि तिन्ही मडकी लाकडी तिवईवर एकावर एक चढवली. गल्लीतल्या आडाचं पाणी वर ओतलं आणि तिवईपुढे बसून राहिली. बऱ्याच वेळानं पहिला थेंब पडला. मग दिवसभर टप, टप. बाहेर गल्ली इतकी गप्प होती की तेवढाच आवाज घरभर ऐकू येई.

"आई, मडकं रडून राहिलंय," गोदू म्हणाली.

"रडू दे. आपण न्हाई रडायचं."

तीन दिवस गेले. पलीकडच्या गल्लीतून दोन तिरड्या उठल्या. या घरात साधी शिंकही आली नाही. व्यंकटराव तहसिलीत मडक्यांची कीर्ती सांगत फिरले.

चौथ्या दिवशी सकाळी अनुसूया धुणं घेऊन परसातून आत आली, तर ताई तिवईपुढे वाकलेल्या. एका हातात देवपूजेची पळी, दुसऱ्यात गुलाबपाण्याची जुनी बाटली. पळी भरून त्यांनी खालच्या मडक्यात सोडली आणि हात जोडले.

"ताई, हे काय टाकून राहिलात?"

"बारवेचं पाणी. लोहाराच्या कोळशातून आलेलं देवाला कसं चालेल? एक पळी महादेवाचं पडलं की शुद्ध होतं बघ."

"पण बारवेत तर दवा..."

"दवा पडायच्या आधीच भरून ठेवलीय. एवढी अक्कल हाय मला."

धुण्याचा पिळा अनुसूयेच्या हातातून खाली पडला.

"कधीपासून टाकता?"

"मडकी मांडलीस तवापासून. रोज एक पळी." ताईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "अनुसूये, अशी काय बघतेस?"

अनुसूयेनं खालचं मडकं उचलून अंगणात फोडलं. चूल पेटवली, पातेलं चढवलं. गोदूला हाताला धरून माजघरात निजवलं, कपाळ पाहिलं, पोट चाचपलं. काही नव्हतं. दोघी बायका पोरीच्या दोन बाजूंना बसल्या.

उन्हं अंगणाच्या मध्यावर आली तेव्हा ताई लोटा घेऊन परसात गेल्या. परत आल्या, बसल्या, पुन्हा लोटा उचलला. तिसऱ्यांदा त्यांना भिंत धरावी लागली.

अनुसूयेनं उकळून निववलेलं पाणी वाटीत घेऊन त्यांच्या ओठांशी नेलं. ताईंनी तोंड फिरवलं नाही. फक्त वाटीवर हात आडवा धरला.

"आधी गोदूला पाज," त्या म्हणाल्या.

झोपेतच गोदूनं कूस बदलली आणि गुडघे पोटाशी ओढून घेतले.