आबांना सांगितलेले शेवट

मागच्या दिवाळीत लेकीने पुण्याहून येताना एक डबा आणला. आत सहा डीव्हीडी होत्या आणि झाकणावर हॅट घातलेला, थकल्या चेहऱ्याचा एक माणूस. मी त्याला लगेच ओळखलं.

"तू आणि आजोबा शनिवारी बघायचात ना, तीच मालिका," लेक म्हणाली. तिला तेवढंच माहीत होतं. मी सांगितलंच तेवढं होतं.

आता मी कुसगावात एकटीच राहते. लेकीने टीव्हीला डीव्हीडी लावायचं यंत्र जोडून दिलं, रिमोटची बटणं दाखवली आणि ती गेली. पुढचे पंधरा दिवस डबा टीव्हीवर तसाच पडून होता.

आणीबाणी उठली त्या वर्षी ही इंग्रजी मालिका शनिवारी संध्याकाळी सातला लागायची. कुठल्याशा अमेरिकन शहरातला खासगी गुप्तहेर. कुणीतरी त्याच्या ऑफिसात येऊन सांगायचं, माझी बायको सापडत नाही, माझा भागीदार गायब झाला. पाऊण तासात तो त्या माणसाला शोधून काढायचा. कधी जिवंत, कधी मेलेला.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आई मी शाळेत असतानाच गेली होती. रेल्वेच्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. आबा, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान भाऊ. आबा मूळचे कान्ह्याकडचे, भाताची खाचरं भावांच्या हवाली करून रेल्वेत लागलेले. घाटात ते चावीवाले होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळांमधून चालायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. रुळांवर कधी कधी माणसंही सापडत, गाडीखाली आलेली. त्यांना उचलायला रुळांची देखभाल करणाऱ्या गँगची माणसंच लागत. तसा दिवस असला की आबा दारातच डोक्यावर पाणी घेत आणि न जेवता पडून राहत.

भावाला त्यांनीच गँगमध्ये लावून घेतलं. त्या पोराला ते काम झेपणारं नव्हतं. त्याला वेड वाचनाचं. भज्यांचा पुडा हातात आला तर आधी भजी बाजूला काढून कागद वाचणार. कामावर लागून तीन आठवडे झाले असतील, बोगद्याच्या तोंडाशी एक बाई सापडली. मुकादमाने भावाला स्ट्रेचरचं एक टोक धरायला सांगितलं. चार पावलं चालून त्याने ते खाली ठेवलं आणि तो कठड्यावर जाऊन बसला. उठेनाच. सगळी गँग बघत होती. आबांनी जाऊन त्याच्या तोंडात मारली.

घरी येऊन तो जेवला. माझ्याशी दोन शब्द बोललासुद्धा. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेल्यावर तो मुंबईच्या गाडीत बसला, असं स्टेशनवरच्या हमालाने सांगितलं. शिमगा होऊन चार दिवस झाले होते.

"येईल," आबा म्हणाले. "पोटाला चिमटा बसला की येईल."

महिना गेला, दीड महिना गेला. पोलिसात कळवू या, असं मी म्हटलं तर त्यांनी मला गप्प केलं. "पोलिसात नाव गेलं तर पुन्ना गँगमदी घेत्याल का त्याला?" साहेबांपुढे त्यांनी पोरगा आजारी असल्याचं सांगून ठेवलं होतं.

भांगरवाडीच्या पलीकडे एका बंगल्यात एक म्हाताऱ्या बाई राहत. मुंबईत शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आबा सुटीच्या दिवशी त्यांची बाग बघत. त्यांनी उन्हाळ्यात टीव्ही घेतला आणि शनिवारी आम्हा दोघांना बोलावू लागल्या. पावसाळी हवा असली की पडद्यावर नुसत्या मुंग्या यायच्या, माणसं त्यांच्या आडून बोलायची. आबा खाली सतरंजीवर, मी त्यांच्या शेजारी. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पडद्यावरचे लोक बोलतील ते मी मराठीत सांगत जायची.

पहिल्या दोन-तीन शनिवारी ते नुसते बघत होते. मग एकदा म्हणाले, "ह्यो गडी इचारतो काय बग. नाव इचारत न्हाई. मानूस खातो काय, बसतो कुटं, ते इचारतो."

तेव्हापासून ते भावाचा फोटो खिशात घेऊन फिरू लागले. मुंबई काही आपल्याला हुडकता येणार नाही, पोरगं फिरून इकडेच येईल, असं म्हणत रजा मिळेल तेव्हा लोकलने एकेक स्टेशन घ्यायचे. कामशेत, कान्हे, बेगडेवाडी, मग पुण्यापर्यंत. चहावाल्याला विचारायचे, "भज्याचा कागद वाचत बसनारं पोरगं दिसलं का कुटं?" लोक हसायचे. आबा पुढच्या गाड्यावर जायचे. आल्यावर मला सगळं सांगायचे, कोण काय म्हणालं, कोण उगाच म्हणालं. भाऊ घरात असताना ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

श्रावणात एका दुपारी मी बोर्डावर होते. घाटाखालच्या रेल्वे पोलिसांचा ट्रंक कॉल आला, लोणावळ्याच्या पोलिसांना जोडायचा होता. लाइन नीट लागली की नाही हे बघायला दोन वाक्यं ऐकावी लागत, मग कान काढून घ्यायचा असा नियम होता. पलीकडचा माणूस म्हणाला, बेवारस आहे, वीसच्या आतलं वय, रुळाकडेला सापडला, दहा दिवस झाले. शर्टाच्या कॉलरला तुमच्या गावच्या शिंप्याची पट्टी आहे, जरा चौकशी करा. मी कान काढला नाही. तो पुढे म्हणाला, डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली आहेत. वाट बघितली, आता अंत्यसंस्कार उरकले.

माझ्या भावाची बोटं तशी होती. लहानपणी त्याला आंघोळ घालताना मी त्यांच्या मधून साबण लावलेली सुतळी ओढायचा प्रयत्न करायची, आणि तो खिदळायचा.

बोलणं संपल्यावर मी जोडणीची कॉर्ड काढली आणि पुढचा कॉल जोडला. ड्यूटी संपेपर्यंत जोडत राहिले.

पोलीस शिंप्याकडे जाऊन आले हे मला नंतर कळलं. त्याने सांगितलं, अशी पट्टी मी सगळ्याच शर्टांना लावतो. खरं होतं ते. तिथेच ती चौकशी संपली.

मी का बोलले नाही? नोकरीला भ्याले, हे आधी सांगते. चोरून ऐकलं हे उघड झालं असतं तर मला काढून टाकलं असतं, आणि आबांच्या बिनपगारी रजांमुळे घर माझ्याच पगाराच्या आधाराने चाललं होतं. पण ते एकच कारण नव्हतं. त्या संध्याकाळी आबा कामशेतहून आले ते उत्साहात होते. एका चहावाल्याने सांगितलं होतं, असं एक पोरगं भुसावळकडे बांधकामावर आहे. मी भाकरी थापत होते. म्हटलं, उद्या सांगेन.

मग शनिवार आला. त्या दिवशीच्या भागात एक म्हातारा शेतकरी मुलाला शोधायला शहरात आला होता. शेवटी गुप्तहेर त्याच्या दारात जाऊन सांगतो की मुलगा मेला. आबांनी विचारलं, "काय म्हनला?"

मी म्हटलं, "मुलगा सापडला. दवाखान्यात आहे. या म्हणतो घ्यायला."

पडद्यावर म्हाताऱ्याने कोट चढवला आणि तो निघाला. आबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर जो कोणी मेला, त्याला मी जिवंत केलं. बुडालेली बाई माहेरी पोचली, गोळी लागलेला मुलगा वाचला. आबांना कधी संशय आला नाही. चित्रात प्रेत दिसलं तर मी म्हणायची, हा दुसरा कुणी.

बंगल्यातल्या बाईंना दोन्ही भाषा कळत होत्या. एकदा मी कपबशा विसळत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तू त्यांना वेगळंच सांगतेस."

"हो."

"बरं वाटतं त्यांना?"

"हो."

"मी मध्ये बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मालिका संपेल ना कधीतरी."

त्यांना वाटत होतं की मी फक्त गोष्टीचा शेवट बदलते.

दिवाळीच्या सुमारास मालिका संपली. आबांनी रेल्वेच्या पासवर भुसावळला तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला ताप घेऊन आले, आठवडाभर उठले नाहीत. बरे झाल्यावर त्यांनी ठरवलं की बदलीच मागायची. तिकडे राहिलं तर रोज शोधता येईल. शिमगा पुन्हा जवळ आला होता. रविवारी सकाळी त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं आणि इंग्रजीत अर्ज लिही म्हणाले. स्वतः समोर मांडी घालून बसले.

मी वर साहेबांचा हुद्दा लिहिला, खाली विषय लिहिला. आबा सांगत होते, "लिव, माजी बावीस वर्सं नोकरी झाली. घाटात झाली. आता गुडघं चालत न्हाईत, सपाटीला द्या."

मी पेन खाली ठेवलं. "आबा, तो नाही आता."

"कोन?"

मी भावाचं नाव घेतलं. मग फोनवर जे ऐकलं ते सगळं सांगितलं. बोटांचंही सांगितलं.

त्यांनी माझ्यापुढचा कागद उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "कदी कळलं तुला?"

"श्रावणात."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "सात म्हयनं," ते म्हणाले. "पोरगं दवाखान्यात हाये, बाप घ्याया निगाला, असं तू मला सांगितलंस. तवा तुला ठावं हुतं?"

"हो."

ते उठले, पायात चपला घातल्या आणि स्टेशनाकडे गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. घाटाखाली त्यांना रजिस्टरातली ओळ वाचून दाखवली होती, एक फोटो दाखवला होता. कपडे कधीच नष्ट केले होते. नदीकाठी कुठे जाळलं ते एकाने लांबून दाखवलं. हे त्यांनी मला नाही सांगितलं, शेजारच्या काकांना सांगितलं आणि मी आतून ऐकलं. भाऊ मुंबईहून परत येत होता की आणखी कुठे निघाला होता, ते कुणालाच सांगता आलं नाही.

दहा दिवस ते वेगळी चूल मांडून बाहेरच्या खोलीत जेवले. मी केलेलं खाल्लं नाही. अकराव्या दिवशी हातोडा घेऊन कामावर गेले.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. माझ्यावर ओरडले कधी नाहीत. माझं लग्न त्यांनीच जमवलं, उभं राहून लावून दिलं. नात झाली तेव्हा मांडीवर घेऊन बसले. पण साहेबाचं पत्र आलं, पेन्शनचा कागद आला, तर ते तो वाचून घ्यायला स्टेशनातल्या कारकुनाकडे नेत. मी समोर बसलेली असताना. मी एकदा हात पुढे केला तेव्हा म्हणाले, "असू दे. त्यो वाचतो बराबर."

शेवटच्या आजारात त्यांना मी विचारलं, आबा, मला माफ केलं का? ते म्हणाले, "पानी दे." मी पाणी दिलं.

डबा मी शेवटी उघडला, एका दुपारी. आता खाली इंग्रजी अक्षरं येतात आणि सगळं स्वच्छ दिसतं, मुंग्या नाहीत. मी ज्यांना भिंती समजत होते ते पडदे होते. गुप्तहेर मला वाटायचा तेवढा म्हातारा नव्हता, चाळिशीचा असेल. आज तो मला मुलाच्या वयाचा वाटला. पहिले दहा-बारा भाग मी ओळीने पाहिले, आणि मग शेतकऱ्याचा भाग आला.

तो दारातला प्रसंग माझ्या आठवणीत फार मोठा होता. प्रत्यक्षात दोन मिनिटांचासुद्धा नाही. त्याच्या आधीचं मात्र मला अजिबात आठवत नव्हतं. गुप्तहेर खाणावळीत जेवायला बसलेला असतो. तिथे त्याला मुलाची बातमी कळते. ताटात अन्न तसंच असतं. तो उठतो, हॅट घेतो, गाडी काढतो आणि थेट म्हाताऱ्याकडे जातो. वाटेत कुठे थांबत नाही. दारात उभा राहून एका वाक्यात सांगतो. म्हातारा खाली बघतो, आत जातो आणि कोट घालून प्रेत ओळखायला निघतो.

मी यंत्र बंद केलं. चार दिवस पुन्हा लावलं नाही.

पुढच्या रविवारी लेक आली. "बघितलीस का?" तिने विचारलं. "आणि मला एक सांग, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, मग त्यांना यातलं कळायचं काय?"

तिला मामा हरवला एवढंच माहीत होतं. मी तिला बसवलं आणि शिमग्यापासून सगळं सांगितलं. ट्रंक कॉल, शेवट, अर्ज. सांगताना माझा आवाज नीट राहिला, याचं मलाच नवल वाटलं. तिचा चहा गार झाला.

"तू किती वर्षांची होतीस?" तिने विचारलं.

"तेवीस."

तिने कप बाजूला सारला. "आजोबांना निदान दिवस घालता आले असते, आई. वेळेवर."

"हो," मी म्हटलं.

ती माझी समजूत काढेल असं मला वाटलं होतं. तिने काढली नाही. कप उचलून आत नेले, विसळले, आणि पाचच्या गाडीने पुण्याला गेली. दारात चपला घालताना म्हणाली की पुढच्या रविवारी येते.