नावेतला लाडवांचा डबा

नवा मध्यप्रदेश झाला, त्या सुमाराची गोष्ट. कापसावर फवारायची औषधं तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. तापी ओलांडून जैनाबादला जाताना नावेत एक म्हातारी माझ्यासमोर बसली. मांडीवर औषधाचा रिकामा डबा, राखेनं घासून लखलखीत केलेला. त्यावरचं कवटीचं चित्र मात्र तिनं जपलं होतं, आणि डबा फिरवून ते सारखं लोकांकडे करत होती.

"मावशी, यात काय?"

"डिंकाचे लाडू. पोरगी बाळंत झाली ना, भाऊ."

"आणि हे चित्र?"

"नजर लागू नये म्हनून. घरावर राक्षसाचं तोंड टांगतो, तसं."

मी सांगितलं, ही विषाची खूण आहे. कितीही घासला तरी या डब्यातलं खाऊ नये. तिनं चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"मंग हे दात काढून हसतं कायले?"

कवटीची भीती तिलाही कळली होतीच; फक्त ती दुसऱ्यांसाठी आहे, असं तिला वाटलं होतं.

नाव काठाला लागली. सगळे उतरले, ती मात्र तशीच बसून राहिली. कवटी तिनं आता स्वतःकडे वळवून घेतली होती.