जुन्या कागदांचं कपाट

खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. माझं नाव पगारपत्रकात आहे, पण तिथून बाहेर ते फारसं पडत नाही. मालकीणबाईंपासून वॉचमनपर्यंत सगळे मला मामा म्हणतात. स्टोअर म्हणजे एक लांबट खोली, दहा लोखंडी रॅक, जाळीची एक खिडकी आणि खिडकीमागे मी. मशीनचा पट्टा तुटला, बेअरिंग गेलं, ऑइल सील गळायला लागलं, की माणसं त्या खिडकीशी येतात. आणि खरं सांगायचं तर मी त्यांची वाटच बघत बसलेला असतो.

बायको म्हणते, "तुमच्याकडे कुणी काही मागितल्याशिवाय तुम्हाला जेवण पचत नाही." बरोबर आहे तिचं. घरीसुद्धा मी बल्ब, फ्यूज आणि अंगाचा साबण लपवून ठेवतो. साबण संपला म्हणून न्हाणीघरातून तीन-चार हाका आल्या की मग सावकाश उठतो. पहिल्याच हाकेला उठलो तर माझं कौतुक ते काय राहिलं?

कारखान्यातली सुरुवात मात्र भीतीने झाली. नोकरीचा चौथाच महिना होता. एका पट्ट्यापायी मोठं मशीन दोन दिवस बंद राहिलं आणि तेव्हाचे मालक, म्हणजे आत्ताच्या मालकीणबाईंचे, आमच्या ताईंचे वडील, सगळ्यांदेखत मला इतकं बोलले की मी संडासात जाऊन रडलो. त्यानंतर वीस पट्टे आले, त्यातले दोन मी बाजूला काढले आणि वहीत लिहून टाकलं, वापरले. पुढे चार बेअरिंग काढली, मग सील. कोपऱ्यात एक हिरवं कपाट होतं. त्यावर मी चिठ्ठी चिकटवली, 'जुने कागद'. जुने कागद उघडून बघावेत असं जगात कुणालाही वाटत नाही. माझ्या आयुष्यातला एकमेव हुशार विचार तो हाच.

भीती गेली, सवय राहिली, आणि हळूहळू त्या सवयीला प्रसिद्धी मिळाली. फिटर धावत खिडकीशी यायचा. "मामा, सील गेलं!" मी वही उघडायचो, बोट फिरवायचो, मान हलवायचो. "शिल्लक शून्य." त्याचा चेहरा पडायचा. मग मी म्हणायचो, "थांब, बघतो कुठून जमतंय का." फोन कानाला लावून, पलीकडे कुणी नसताना, दोन-चार वाक्यं बोलायचो. मग सील खिशात घालून स्कूटरवर निघायचो ते थेट कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर. तिथे चहा, पेपर, पुन्हा चहा. परत येताना स्कूटर मुद्दाम लांब लावायचो, म्हणजे चालून थोडा घाम यायचा. खिशातून सील काढून फिटरच्या तळहातावर ठेवलं की त्याचे डोळे भरून यायचे. "मामा, तुम्ही नसता तर!" मी हात झटकायचो आणि दिवसभर छाती फुगवून हिंडायचो. मामा म्हणवून घेत सगळ्यांना मामा बनवत होतो.

विक्री वाढत होती, पण कंपनीच्या हातात पैसा राहत नव्हता, आणि का राहत नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून ताईंनी सॉफ्टवेअर घेतलं. खरेदी, साठा, उत्पादन, बिलं, सगळं एकात एक जोडलेलं. ते शिकवायला एक बाई आल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात मी साठ्याच्या रकान्यात माझी जन्मतारीख भरली. त्या हिशेबाने आमच्याकडे दोन लाख साठ हजार बेअरिंग झाली. ताई म्हणाल्या, "मामा, एवढी असतील तर आपण खोकी कशाला बनवतोय?"

मग आली मोजणी. दहाही रॅक मी इमानदारीत मोजले. बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि ते?"

"जुने कागद."

बाई पुढे गेल्या. चिठ्ठी सॉफ्टवेअरलाही पुरून उरली म्हणून त्या संध्याकाळी मी घरी जिलेबी न्यावी तशा थाटात कलिंगड नेलं.

मोठ्या मशीनशेजारी आता एक स्क्रीन बसला होता. मशीन थांबलं की फिटरने कारण दाबायचं. कारणं दोन, 'दुरुस्ती' आणि 'सुट्या भागाची वाट'. तीन महिन्यांनी ताईंनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं, फिटरला, बाईंना आणि मला. भिंतीवर आलेख होता. मोठं मशीन आठवड्याला अकरा तास बंद, आणि अकराच्या अकरा तास दुरुस्तीच्या नावावर.

ताई फिटरला म्हणाल्या, "मी खूप विचार केला. एवढा वेळ दुरुस्तीत जात असेल तर मला परवडणार नाही. एक तारखेपासून हे काम बाहेरच्या कंपनीला देते."

फिटरची चौदा वर्षांची नोकरी होती. दुरुस्तीला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं. उरलेले तास कोणत्या टपरीवर गेले हेही माहीत होतं. मी बोलायला हवं होतं. मी आलेखाच्या रंगांकडे बघत बसलो.

बोलल्या त्या बाई. "सील बदलायला किती वेळ लागतो हो?"

"वीस मिनिटं," फिटर म्हणाला.

"इथे तर तीन तास दिसतायत."

"सील आणावं लागतं ना. स्टोअरमधलं संपलेलं असतं."

"मग 'भागाची वाट' का नाही दाबलं?"

ताईंनी पुन्हा विचारल्यावर फिटर म्हणाला, "ते दाबलं की मामांच्या नावावर जातं. मामा या वयात उन्हातान्हाचे कुठून कुठून वस्तू शोधून आणतात. वर त्यांच्याच नावावर तास टाकू? मला नाही जमायचं, ताई. नोकरी गेली तर गेली."

ताईंनी माझ्याकडे अशा मायेने बघितलं की, खोटं कशाला बोलू, एक क्षण मला बरं वाटलं. अशा वेळीही बरं वाटलं. त्या एका क्षणाची मला आजही लाज वाटते.

"ताई," मी म्हणालो, "सील आहेत."

"कुठे?"

"जुन्या कागदांत."

मग सगळं सांगितलं, फोन, टपरी, घाम, सगळं. ताई ओरडल्या नाहीत. त्यांच्या वडिलांसारख्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाहेरच्या कंपनीचं रद्द. आणि मामा, आजच्या आज ते कपाट भरा सॉफ्टवेअरमध्ये."

कपाटातून तेराशे चाळीस वस्तू निघाल्या. सात महिन्यांची सुट्या भागांची खरेदी थांबली, मशीन आठवड्याला दोनच तास बंद राहू लागलं. बाईंनी तीन महिन्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर एकेचाळीस वेळा माल संपला होता आणि त्यातल्या एकोणचाळीस वेळा तो माझ्या कपाटात होता. आग मीच लावत होतो आणि बंब घेऊन मीच धावत होतो. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी मोजायला फिटरच आला. तो वस्तू काढून मोजायचा, मी एका बोटाने आकडा भरायचो. पट्टे झाले, बेअरिंग झाली. सीलचं खोकं अर्धं झाल्यावर तो थांबला.

"मामा, गेल्या वर्षी माझ्या मुलीचं शाळेत नाटक होतं. आठवतं? मी इथे सीलसाठी साडेचार तास बसलो होतो. पोचलो तेव्हा शाळेच्या फाटकाला कुलूप होतं."

मला आठवत होतं. त्या दिवशी टपरीवर मी पेपरातलं कोडंसुद्धा सोडवलं होतं.

"तेव्हा होतं का यात?"

गेल्या वर्षी सॉफ्टवेअर नव्हतं. त्या दिवसाची नोंद कुठेच नव्हती. नाही म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"होतं," मी म्हणालो.

"किती?"

"चौदा."

मग काढलेली सील परत आत टाकून त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली, आकडा विसरला होता बहुतेक. एकेक सील हातात धरून, फिरवून बघत, अगदी सावकाश. मी कीबोर्डवर बोट ठेवून बसलो होतो. त्याला घाई कर म्हणायला मला तोंड नव्हतं. मी थांबलो.