विणकामाच्या क्लासचा पत्ता

कोर्टाच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सचं एक दुकान आहे. रुंदी इतकी, की दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. मशीन दोन, त्यातलं एक कायम रुसलेलं. मागे पडदा, पडद्यामागे एक टेबल, चार स्टुलं, एक जुना कॉम्प्युटर आणि भिंतीला टेकवलेली कोऱ्या कागदांची रिमं. दुकान जिचं, तिला सगळी गल्ली झेरॉक्समावशी म्हणते. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही मावशीला ठाऊक आहे. ती त्याला भीक घालत नाही.

मावशीचा आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर आणि शाळा अर्ध्यात सुटलेली. पण लोकांचे दावे, नोटिसा, दाखले काचेवर पालथे घालता घालता ती कागद वाचायला शिकली, आणि कागदाआडची माणसंही. काही बायका दुकान रिकामं होईपर्यंत पायरीखाली घुटमळायच्या, मग पर्सच्या तळातून चौघडी घातलेला कागद काढायच्या. दवाखान्याचा कागद. त्यावर लिहिलेलं असायचं, जिन्यावरून पडली. आणि बाई राहायला तळमजल्यावर.

मावशी काही विचारायची नाही. पडदा सरकवून म्हणायची, "आत बस गं जरा. मशीन तापतंय."

असं मशीन तापता तापता पडद्यामागे एक काम उभं राहिलं. समोरच्या इमारतीतली वकीलबाई त्यात आली आणि दोघींनी मिळून इंटरनेटवर एक पान काढलं. त्यावरचा मजकूर मावशीचा, म्हणजे सरळ तोंडावर मारल्यासारखा: नवरा मारतो? घर सोडायचंय? आम्ही आहोत. खाली फोन नंबर.

अडचण अशी, की बाईचा मोबाइल म्हणजे घरातला चव्हाटा. नवरा उघडतो, दीर उघडतो, सासू चष्मा लावून उघडते. असलं पान त्यात सापडलं तर मार चुकायचा राहिला, वाढायचाच. मावशीने त्यावर तोड काढली. तिची धाकटी बहीण पूर्वी विणकामाचे क्लास घ्यायची. तिची वेबसाइट होती. सांधे धरले, क्लास बंद पडला, वेबसाइटचं नाव तेवढं उरलं. मावशीने ते मागून घेतलं आणि अशी सोय केली, की कुणी विणकामाच्या क्लासचा पत्ता टाकला की आपोआप मदतीच्या पानावर पोचावं. बाईने क्लासचं नाव लक्षात ठेवायचं, घरी तेच सांगायचं, आणि एकटी असताना उघडायचं.

हे जोडताना कॉम्प्युटरने एकच प्रश्न विचारला होता. पत्ता कायमचा वळवायचा की तात्पुरता?

"तात्पुरतं?" मावशी म्हणाली. "आपण काय तात्पुरतं करतो का काही?" आणि तिने कायमचं दाबलं.

बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी चष्मेवाली आली. ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. नवरा लिफ्ट बसवण्याच्या कामावर, आठवडा आठवडा बाहेरगावी. तो घरी असला की ही लांब बाह्यांचे कपडे घालायची. तिचं ठरलं होतं. शाळकरी मुलीला घेऊन निघायचं, पण कोर्टाचा संरक्षणाचा हुकूम हातात आल्यावरच, नाहीतर तो मुलीला ओढून नेणार. हुकमाला थोडा अवकाश होता. तोवर ती दर शनिवारी पडद्यामागे यायची आणि घरी सांगायची, विणकामाच्या क्लासला जाते.

"मावशी, ह्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणतात, या शनिवारी मी घरी आहे, मीच सोडतो तुला क्लासला. बघू तरी कुठला क्लास. म्हणून मी आधीच सर्च करून पाहिलं. हे बघा."

मावशीने फोन घेतला. वर शोधायच्या रकान्यात विणकामाच्या क्लासचं नाव. खाली पहिल्याच ठिकाणी मदतीचं पान. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, लिंक न उघडताही कुणालाही वाचता यावं असं: नवरा मारतो? घर सोडायचंय? आम्ही आहोत.

मावशीने आधी सर्च इंजिनवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग खाली बसली. हे वाक्य तिचं होतं, आणि कायमचं दाबणारं बोटही तिचंच.

"त्याने बघितलंय का अजून?"

"नाही. बघितलं असतं तर मी इथे उभी नसते."

त्या दिवशी रुसलेल्या मशीनबरोबर चांगलं मशीनही बंद राहिलं. पडद्यामागे मावशी कॉम्प्युटरला नाक लावून बसली, एकेक माहिती वाचत, समजलं नाही तर पुन्हा वाचत, आणि मधूनमधून कॉम्प्युटरला "मेल्या" म्हणत. संध्याकाळी वकीलबाई आली तेव्हा मावशीला उलगडा झालेला होता.

"हे आपल्याच धंद्यातलं निघालं," ती म्हणाली. "हे सर्चवाले जगभरच्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवतात. आपण शोधतो तेव्हा ते पान दाखवत नाहीत, स्वतःजवळची झेरॉक्स दाखवतात. मी त्यांना सांगितलं, क्लास कायमचा हलला. त्यांनी मान डोलावली, क्लासची झेरॉक्स फाडून टाकली आणि त्याच्या नावाला मदतीच्या पानाची चिकटवली. त्यांच्या लेखी आता दोन्ही एकच."

"मग तात्पुरतं करून टाका."

"ते केलं असतं तरी मजकूर तोच आला असता. पत्ता क्लासचा राहिला असता फार तर. क्लासच्या पत्त्यावर स्वतःचं पानच नाही ना! ते झेरॉक्स कशाची काढणार? माझ्या कपाळाची?"

म्हणून मावशीने वळवलेला पत्ता तोडला आणि तिथे खरोखरीचं पान मांडायला घेतलं. बहिणीला फोन लावला. बहिणीने जुने फोटो पाठवले: स्वेटर, टोपडी, लोकरीचे गुंडे, हसणाऱ्या बायका. शोधणाऱ्याला नावाखाली काय दिसावं याचं वाक्य लिहून द्यायची सोय असते, तीही मावशीने वापरली. "सोप्या पद्धतीने विणकाम शिका. नवशिक्यांचं स्वागत." असं गोड लिहिताना तिच्या अंगावर काटा आला. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, तिने मदतीची वाट ठेवली: तुम्ही एकट्या नाही, इथे दाबा. मग सर्चवाल्यांना निरोप धाडला, की बाबांनो, नवी झेरॉक्स काढा.

बुधवारी जुनंच दिसत होतं. मावशी गिऱ्हाइकांवर खेकसत राहिली.

गुरुवारी बदललं. वर नाव क्लासचं, पत्ता क्लासचा. आणि खाली: तुम्ही एकट्या नाही, इथे दाबा.

"अरे, मी वर एवढं मोठं लिहून दिलंय!" मावशी ओरडली. "ह्याने तळाचं उचललं!"

"आम्ही कोर्टात जे मांडतो तेच न्यायाधीशांनी घ्यावं, असं कुठे असतं?" वकीलबाई म्हणाली. "आपण सुचवायचं. उचलायचं काय, ते त्यांच्या मर्जीवर."

मावशीने पान वरपासून तळापर्यंत पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली, "म्हणजे पानावर जे जे आहे ते कधीतरी नावाखाली येणार. तर मग त्या पानावर लोकर सोडून काही नको. एक शब्द नको."

"आणि बायकांनी यायचं कुठून?"

"फोनवरून. क्लासचा नंबर म्हणून माझा नंबर. ज्या बायकांना ठाऊक आहे त्या करतील, आणि ज्या फोनवर बोलताना अडखळतील त्या मला कळतील. लोकरीचा भाव विचारताना कुणाचा गळा दाटून येत नाही."

"आणि कुणा नवऱ्याने फोन केला, विणकामातलं काही विचारलं तर?"

इथे मावशीची पंचाईत झाली. तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्याच दुपारी तिने पानाच्या तळाची ओळ पुसली, सर्चवाल्यांना पुन्हा निरोप धाडला, लोकर आणि दोन सुया घेऊन आली आणि व्हिडिओ कॉलवर बहिणीसमोर बसली.

"ताई, गळा नाही आवळायचा लोकरीचा, टाका घालायचाय," बहीण पलीकडून म्हणाली.

"घट्ट हवं ना?"

"घट्ट नको गं. सैल. जन्मात एखादी गोष्ट सैल करून बघ."

शुक्रवारपर्यंत मावशीला एकच टाका येऊ लागला, तोही दगडासारखा. पण शुक्रवारी दुपारी सर्च केलं तर क्लासच्या नावाखाली आलं: सोप्या पद्धतीने विणकाम शिका. नवशिक्यांचं स्वागत. मावशीने तीन वेगवेगळ्या फोनवर पाहिलं, तेव्हा कुठे ती पाणी प्यायली.

शनिवारी चष्मेवालीला घेऊन नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, पायरीवर चप्पल काढायची रीत. असली माणसं बाहेर फार सज्जन असतात. पोलिसांना म्हणूनच ती आवडतात.

"मावशी, क्लासचं पान पाहिलं मी," तो म्हणाला. "फोटो छान आहेत. पण क्लास झेरॉक्सच्या दुकानात?"

"जागेची भाडी ठाऊक आहेत ना तुम्हाला?" मावशीने पडदा सरकवला. आत वकीलबाई आणि आणखी दोघी सुया घेऊन बसल्या होत्या. वकीलबाईची फाइल तिच्याच बुडाखाली.

"बसू का जरा? हिचं काम बघतो."

तो बसला. चष्मेवालीने सुया हातात घेतल्या. तिला विणकाम खरंच येत होतं, पण लक्ष सगळं त्याच्याकडे होतं, टाका सुटला.

"बघा," तो हसत म्हणाला. "हिला कुठलीच गोष्ट धड जमत नाही. डोकंच नाही. तुम्ही उगाच वेळ घालवताय."

कोर्टातल्या कारकुनाला कॉलर धरून पायरीखाली उतरवणारी मावशी ती. पडद्यामागच्या सगळ्या सुया थांबल्या. मावशीच्या मानेची शीर उडत होती. ती आपल्या हातातल्या विणीकडे बघत राहिली, तिथल्या त्या एकाच टाक्याकडे.

"जमेल," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की तो तिचा वाटेना. "हळूहळू येतं."

तो थोडा वेळ बसला, कंटाळला, आणि "घरी लवकर ये" म्हणून गेला. मावशीने हातातली सुई खाली ठेवली. सुई मधोमध वाकली होती.

पुढचे शनिवारही चष्मेवाली "क्लासला" आली. मग एका शनिवारी आली ती मुलीला बरोबर घेऊनच. वकीलबाईने हुकमाचा कागद तिच्या हातात ठेवला, मावशीने त्याच्या झेरॉक्स काढल्या, आणि वकीलबाईची गाडी दोघींना घेऊन गेली. दुपारी क्लासच्या नंबरवर फोन वाजला.

"मावशी, ही आहे का तिथे? फोन उचलत नाही."

"आहे की. टाके मोजतेय," मावशी म्हणाली. "मध्येच उठवलं तर सगळं उसवावं लागेल. आज उशीर होईल हं."

संध्याकाळी तो दुकानात आला, या वेळी चप्पल घालूनच, आणि त्याने तोंड उघडलं. मग मावशीनेही उघडलं. इतके शनिवार गिळलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. शेजारचा रसवंतीवाला गाळा सोडून धावत आला, पण मदत कुणाला करायची ते त्याला कळेना. तो नवरा गल्लीच्या तोंडापर्यंत उलट्या पावलांनी गेला.

विणकामाच्या क्लासचं पान मावशीने त्याच रात्री उतरवलं. ते आता नको त्या एका माणसाला माहीत झालं होतं, म्हणजे निकामी झालं होतं. पत्ता तिने कुठेही वळवला नाही, कायमचा नाही आणि तात्पुरताही नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिने वेगळ्या नावाने वेगळं पान काढलं, ज्याच्याखाली सर्चमध्ये एक साधं, कंटाळवाणं, कुणाच्या नजरेत न भरणारं वाक्य येतं. ते पान कशाचं आहे, ते इथे लिहिणं बरोबर नाही. ज्यांना हवं आहे, त्यांच्यापर्यंत ते पोचतंय.