दुधाबरोबर घेतलेल्या गोळ्या

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल की दिल्लीच्या आजीचे, म्हणजे माझे, गुडघे दुखतात, म्हणून जानेवारीत माझ्याऐवजी पुण्याची आजी आली. हे खरं आहे, पण पूर्ण नाही. उरलेलं मी लिहून ठेवते. तुम्ही दोघी मराठी नीट वाचायला लागाल तेव्हा वाचा, आणि कुठे अडलं तर पुण्याच्या आजीला न विचारता मला फोन करा.

ऑगस्टमध्ये मी तीन आठवडे तुमच्याकडे होते. रोज संध्याकाळी घरामागच्या गवतात बसून आपण हरणांची वाट बघायचो. एकदा आंघोळ करताना उजव्या गुडघ्यामागे तिळाएवढं काहीतरी हाताला लागलं. खपली समजून मी ते नखाने काढून टाकलं. निघायच्या दोन दिवस आधी तिथे लाल चट्टा उठला. गजकर्ण असेल, असं ठरवून मी जवळचं मलम लावलं आणि कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर ते दोन दिवस डॉक्टरांच्या दारात गेले असते, आणि मला ते तुमच्याबरोबर हवे होते.

इथे दिल्लीजवळ फरीदाबादला परतल्यावर ऑक्टोबरमध्ये ताप आला आणि गुडघा नारळाएवढा सुजला. तेव्हा आमच्या सोसायटीत चिकुनगुनियाची साथ होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा रिपोर्ट लगेच पॉझिटिव्ह आला. त्यांच्याकडे माणसांची रीघ लागली, कुणी नारळपाणी आणलं, कुणी तेल. माझा रिपोर्ट निगेटिव्ह. मग मला नक्की काय झालंय, हे कुणालाच सांगता येईना. लिहायला लाज वाटते, पण मला त्या बाईंच्या आजाराचा हेवा वाटला. त्याला नाव तरी होतं.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतक्यात कुठे परदेशात गेला होतात का? मी गवत, हरणं, तीळ, चट्टा सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ती गोचीड असू शकते म्हणाल्या, आणि तिच्या चावण्यातून लाइम नावाचा आजार होतो. चट्टा कसा होता? मध्ये लाल, भोवती फिकट आणि बाहेर पुन्हा लाल कडं, असा होता का? मला सांगता येईना. मी तो आरशात मान वाकडी करून एकदाच पाहिला होता. गॅसचा सिलिंडर कधी लावला तेसुद्धा लिहून ठेवणाऱ्या मी त्याचा फोटो काढला नव्हता. रक्ताची एक तपासणी काठावर आली, दुसरीत काही ठरेना.

"आंटीजी, लाइम हो भी सकता है, नहीं भी," डॉक्टर म्हणाल्या. "हमारे यहाँ बहुत कम दिखता है. आप चार हफ़्ते दवा लीजिए. घुटने की सूजन उतर गई तो समझेंगे वही था."

म्हणजे औषध हीच माझी परीक्षा होती. आणि मला पास व्हायचंच होतं, कारण जानेवारीपासून सहा महिने तुमच्याकडे राहायची पाळी माझी होती. तुमच्या आईचं घरून काम करणं डिसेंबरमध्ये संपणार होतं. आधीच्या वर्षीची पाळी पुण्याच्या आजीची झाली होती. त्यानंतर मी तुम्हाला वरण वाढलं तेव्हा धाकटी म्हणाली, "हे पुण्याच्या आजीसारखं नाहीये." थोरलीने तिला कोपराने ढोसलं, पण मी ऐकलं होतं. विहीणबाई माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. रोज सकाळी पर्वती चढतात आणि वरून फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतात. सूज आल्यापासून मी ते फोटो मोठे करून त्यांचे गुडघे बघायला लागले होते.

औषध सुरू झालं त्या दिवशी मी वही आखली: तारीख, वेळ, गोळी, कशाबरोबर, ताप, गुडघ्याचा घेर. घेर मी शिवणाच्या टेपने मोजायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उपाशीपोटी घेऊ नका आणि उन्हात जाऊ नका, अंगावर चट्टे येतील. आणखीही काही त्यांनी चिठ्ठीवर खरडलं होतं, पण चिठ्ठी मी लगेच फाइलला लावली. माझी वही होती ना.

नोव्हेंबर संपताना इथल्या बायका जेवणं उरकून पार्कात उन्हाला बसतात, मटार सोलतात, शेंगा खातात. मी बाल्कनीच्या सावलीत शाल पांघरून बसायचे. वरच्या मजल्यावरच्या बाई आता बऱ्या झाल्या होत्या. त्या खालून हाक मारायच्या, "आ जाओ जी, धूप फ्री है!" पोटात जळजळ, तोंड कडू, आणि समोर त्या सगळ्या उबेत. मी पडदा ओढून घ्यायचे.

त्याच सुमारास विहीणबाईंचा फोन आला.

"अहो ताई, आवाज किती खोल गेलाय तुमचा! पोटात आग होते? उष्ण असतात हो त्या गोळ्या. दूध वाढवा थोडं."

"बघते."

"आणि जानेवारीची अजिबात काळजी करू नका. वाटलं तर मी जाते ना. माझा व्हिसा आहेच."

चांगुलपणाने बोलल्या. मी फोन ठेवला आणि यांना म्हटलं, "बॅग भरूनच बसल्यात त्या."

हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तू नाही का बसलीस? तुझी बॅग दिवाळीपासून पलंगाखाली आहे."

चार आठवड्यांनी घेर जेमतेम एका बोटाने कमी झाला होता. मी वही डॉक्टरांपुढे ठेवली. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. त्यांनी पान उलटलं, मग दुसरं, मग परत पहिलं.

"आंटीजी, यह दूध? हर गोली के साथ?"

"पेट में गर्मी न हो इसलिए," मी म्हटलं. माझ्या आईने आम्हाला कुठलीही कडक गोळी दुधाशिवाय दिली नाही, आणि मीही तुमच्या आईला दिली नाही.

दुधाने हे औषध नीट अंगी लागत नाही. चिठ्ठीवर तेच खरडलेलं होतं. आता गुडघ्याची सूज पूर्ण का उतरली नाही, आजार दुसराच आहे म्हणून की औषधच पुरतं पोचलं नाही म्हणून, हे डॉक्टरांनाही कळायला मार्ग नव्हता. पुन्हा चार आठवडे गोळ्या, फक्त पाण्याबरोबर, आणि त्यानंतर दीड महिन्याने गुडघा दाखवायचा. म्हणजे फेब्रुवारी.

संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. तिकडे सकाळ होती, मागे तुमच्या डब्यांची घाई ऐकू येत होती. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी तिला सांगितलं.

"आई, दूध कुणी सांगितलं तुला?"

मी म्हटलं, "तुझ्या सासूबाईंनी."

तिने एका डब्याचं झाकण आपटलं. मग म्हणाली, "त्यांना प्रत्येक गोष्टीत सल्ला द्यायलाच हवा का?" मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, गुडघ्याला शेक दिल्यावर वाटतं तसं.

दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "ताई, माझ्यामुळे तुमचं औषध वाया गेलं हो. मला काय माहीत, आमच्याकडे सगळ्या गोळ्या दुधाबरोबरच घेतात. सूनबाई म्हणते, आता कुणीच येऊ नका, मुलींना शाळेनंतर पाळणाघरात ठेवू. मी काय तोंडाने जाऊ तिकडे?"

मी "असू द्या, असू द्या" म्हणाले. हे समोरच बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. पहिल्याच दिवशी, 'कशाबरोबर'च्या रकान्यात, माझ्याच सुवाच्य अक्षरात: अर्धा कप दूध. विहीणबाईंचा 'दूध वाढवा' म्हणणारा फोन त्यानंतर अठरा दिवसांनी आला होता.

"आता साक्षीदार तुझी वहीच आहे," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशीपर्यंत मी काही केलं नाही. तुम्ही दोघी शाळेनंतर अनोळखी खोलीत बसून आईची वाट बघताय, असं सारखं दिसत होतं, आणि तरीही मनाचा एक कोपरा म्हणत होता, बरंय, तीही नाही आणि मीही नाही. त्या कोपऱ्याची मला फार भीती वाटली. मग मी तुमच्या आईला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू पण ना." नंतर पुण्याला फोन लावला. विहीणबाई हसल्या. एवढ्या सहज हसल्या की माझी पुन्हा चिडचिड झाली.

त्या जानेवारीत आल्या. माझ्या गोळ्या संपल्या. गुडघ्याची सूज आता बरीच उतरलीय. "शायद लाइम ही था," डॉक्टर म्हणतात, आणि तो 'शायद' त्या काढत नाहीत. रविवारी तुम्ही स्क्रीनवर येता तेव्हा मागे विहीणबाई कोशिंबिरीला फोडणी घालत असतात, आणि मी तुमच्याशी बोलता बोलता तिकडेच बघत असते.

जुलैपासूनची पाळी माझी, हे मी त्यांच्याशी बोलून घेतलंय.

"हो हो, तुमची तब्येत बघून ठरवू," त्या म्हणाल्या.

मला ते 'बघून' आवडलेलं नाही. मी तिकीट काढायला सांगितलंय.