सात नावांचा एकच आदेश

जागृती ताकसांडे मॅडम आमच्या शाळेत सोळा वर्षं गणित शिकवत होत्या, आणि या सोळा वर्षांत त्यांना सरकारी पगाराचा एक रुपयाही मिळालेला नव्हता. हिंगणघाटजवळची आमची शाळा विनाअनुदानित. संस्था बसभाड्यापुरतं काही द्यायची, तेही मनात आलं तर. मॅडम सिंदी मेघेहून सकाळच्या एसटीने यायच्या आणि संध्याकाळी घरी ब्लाउज शिवायच्या.

आम्ही सात शिक्षक. शाळेला अनुदान मंजूर झालं, पण प्रत्येकाच्या नावाला जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाची मान्यता लागते, आणि ती अडली होती. म्हणून संघटनेमार्फत आम्ही त्या कार्यालयासमोर धरणं धरलं. निवेदनातली मागणी मॅडमनीच लिहिली: सातही जणांचा एकच आदेश काढा. माझ्या फाइलीत एक जुनं पत्र गहाळ होतं, त्यामुळे ही ओळ माझ्याच फायद्याची. तरी मी मनात म्हटलं, असली वाक्यं कागदावर शोभतात. वेळ आली की ज्याचा तो पळतो.

विसाव्या दिवशी एका बाबूने मॅडमना आत बोलावलं. मी दाराशीच उभा होतो.

"मॅडम, तुमची फाइल एकदम क्लियर आहे. बाकीच्याईच्या भानगडी कायले अंगावर घेता? धरण्यातून नाव काढा, महिन्याभरात मान्यता देतो."

"अन् हे सहा जण?"

"त्याईचं पाहू नंतर."

"मंग माहीबी नंतरच पाहा," मॅडम म्हणाल्या आणि छत्री उचलून बाहेर आल्या.

मी थक्क झालो. त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं होती. त्यांच्या जागी मी असतो तर बाबूच्या हातातला पेन ओढून सही केली असती, खोटं कशाला बोलू!

जिन्यात मी जवळजवळ भांडलोच. "काऊन नाई म्हटलं, मॅडम?"

"मी निघाली का उद्या ते दुसऱ्याले बोलावतीन, परवा तिसऱ्याले. शेवटी तुमी एकटेच बसान, अंकुश सर. एकट्याले कोन इचारते?"

त्यानंतर बाबूने खरंच आणखी तिघांना बोलावलं. तिघांनीही मॅडमचंच उत्तर दिलं. धरणं, बैठका, पुन्हा धरणं, असं करत पावणेदोन वर्षं गेली, पण एकही जण फुटला नाही. माझं गहाळ पत्रही कार्यालयालाच शोधावं लागलं, कारण माझ्यावाचून आदेश निघत नव्हता.

तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी निघाला. सात नावं, एक सही. मॅडमच्या नोकरीचा फक्त मार्च उरला होता. त्यांना एकाच महिन्याचा पगार मिळाला, आयुष्यातला पहिला आणि शेवटचा.

आता मोबाइलवर पगाराचा मेसेज आला की मी आधी मॅडमना फोन करतो. मागे शिलाई मशीनचा आवाज असतो. मी किती जमा झाले हे सांगायला लागतो, तर त्या मध्येच थांबवतात.

"ते राहू द्या. साऱ्याईचा आला ना?"